मागच्या दारातून पुढच्या दाराकडे : डॉ. लुई सुलिव्हन यांच्या जीवनातून आरोग्याचे धडे



आरोग्याच्या या पानावर आम्ही बहुतेक वेळा एखादा आजार घेतो आणि त्याची लक्षणे व उपाय सांगतो. या अंकात एका डॉक्टरांचे जीवन घेत आहोत. वस्तीत कोणी आजारी पडले की आपण विचारतो, काय झाले, औषध घेतले का. पण दवाखान्यात त्या माणसाला कसे वागवले, त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले का, तपासताना त्याला हात लावला का, हे आपण सहसा विचारत नाही. ज्यांची आजी-आजोबांची पिढी वैद्याच्या ओट्याखाली उभी राहून लांबूनच औषध घेत होती, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनाही तो नवा नाही. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही तिथे शाळा, बस, हॉटेल, दवाखाना, सगळीकडे गोरे वेगळे आणि काळे वेगळे ठेवले जात. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत दु बॉईस यांना पत्र लिहिले. त्या लोकांचा लढा आणि आपला लढा शेजारी-शेजारी ठेवून पाहावा, ही दृष्टी आपल्याला तेव्हापासून मिळालेली आहे. त्याच दृष्टीने आज डॉ. लुई सुलिव्हन यांची ओळख करून घेऊ. ते रक्ताच्या आजारांचे तज्ज्ञ होते, एका वैद्यकीय महाविद्यालयाचे संस्थापक-अध्यक्ष झाले आणि पुढे अमेरिकेचे आरोग्यमंत्रीही झाले.

ब्लेकली गावचे दोन दरवाजे

लुई सुलिव्हन यांचा जन्म 3 नोव्हेंबर 1933 रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. तो लहान असतानाच कुटुंब ब्लेकली नावाच्या खेडेवजा गावात राहायला गेले. कापूस आणि भुईमुगाच्या शेतीचा हा मुलूख. गावात डॉक्टर होते, पण ते गोरे. त्यांच्याकडे गोऱ्या रुग्णांना पुढच्या दाराने प्रवेश होता. कृष्णवर्णीयांनी मागच्या दाराने यायचे आणि वेगळ्या खोलीत बसायचे.

लुईचे वडील वॉल्टर सुलिव्हन अंत्यविधीचा व्यवसाय करत. त्यांच्याकडे शववाहिनी होती. गावात कृष्णवर्णीयांसाठी रुग्णवाहिका नसल्यामुळे हीच गाडी रुग्णवाहिकेच्या कामी येई. ज्यांना मागच्या दाराचा अपमान नको असे, किंवा ज्यांचे दुखणे गंभीर असे, त्यांना वॉल्टर गाडीत घालून 60-65 किलोमीटरवरच्या बेनब्रिज गावी नेत. तिथे डॉ. जोसेफ ग्रिफिन नावाचे कृष्णवर्णीय डॉक्टर होते. लहानगा लुई कधी कधी वडिलांच्या शेजारी बसून जाई. दुखण्याने विव्हळणारा माणूस गाडीतून उतरतो, डॉ. ग्रिफिन त्याला नीट तपासतात, त्याच्याशी बोलतात, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती उतरते, हे त्याने पाहिले. आपण डॉक्टरच व्हायचे, असे त्याने शाळेच्या पहिल्या वर्षांच्या आतच ठरवून टाकले.

आरोग्याचा पहिला धडा इथेच आहे. माणूस दवाखान्यात उशिरा जातो, त्याला अनेकदा आपण अडाणीपणा म्हणतो. पण जिथे अपमान होतो तिथे पाऊल उशिराच पडते. दुखणे अंगावर काढले जाते आणि साधा आजार मोठा होतो. म्हणून सन्मानाने वागवणे हा उपचाराचाच भाग आहे. ती वरून केलेली मेहेरबानी नव्हे.

वडिलांचा धंदा आणि आईची नोकरी

वॉल्टर सुलिव्हन यांनी ब्लेकलीमध्ये एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेची शाखा काढली. गुलामगिरी संपवण्याचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 रोजी लागू झाला होता. त्याची आठवण म्हणून दर 1 जानेवारीला ते गावात मुक्तिदिन साजरा करू लागले. आपल्यासाठी 1 जानेवारी म्हणजे भीमा कोरेगावचा दिवस. त्याच तारखेला दूर जॉर्जियातही एक दबलेला समाज मान वर करून मिरवणूक काढत होता, हे वाचून कोणालाही आपलेपणा वाटेल.

हे धाडस त्यांना कसे जमले? त्यांचे गिऱ्हाईक सगळे कृष्णवर्णीय होते. त्यामुळे गावातल्या गोऱ्या पुढाऱ्यांना त्यांची भाकरी बंद करता येत नव्हती. तो राग मग आईवर निघाला. लुबिर्डा सुलिव्हन शिक्षिका होत्या. गावच्या शाळेत त्यांना काम मिळेना, म्हणून त्यांना लांबच्या गावी जाऊन शिकवावे लागे. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक का आणले, हे इथे आठवावे. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात असते, त्याचे तोंडही दुसऱ्याच्या हातात असते, हे त्यांनी ओळखले होते.

ब्लेकलीत कृष्णवर्णीय मुलांसाठी धड शाळा नव्हती. म्हणून आई-वडिलांनी लुई आणि त्याचा मोठा भाऊ वॉल्टर या दोघांना अटलांटात ओळखीच्या घरी ठेवले. पोटची मुले दूर ठेवणे सोपे नसते. मुलीला नर्सिंगसाठी किंवा मुलाला वसतिगृहात धाडताना डोळ्यांतले पाणी आवरणाऱ्या आपल्या मायमाउल्यांना हे वेगळे सांगायला नको. लुई 1950 साली बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमधून दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला.

मोरहाउसमधली चार वर्षे

पुढे तो अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात गेला. हे कृष्णवर्णीय मुलांचे नावाजलेले कॉलेज. मार्टिन ल्यूथर किंग याच कॉलेजातून 1948 साली पदवीधर झाले होते. त्या वेळी डॉ. बेंजामिन मेज हे कॉलेजचे अध्यक्ष होते.

डॉ. मेज यांचा आपल्या देशाशी संबंध आला होता. 1936-37 च्या सुमारास ते भारतात आले असताना अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला अस्पृश्य अशी करून दिली. इतका शिकलेला माणूस, ते शब्द ऐकून त्यांना आधी धक्काच बसला. नंतर विचार करता त्यांना पटले, की आपल्या देशात आपली जागा खरोखर तीच आहे. अशा माणसाच्या हाताखाली लुई सुलिव्हन घडले. मुलांनी मोठे व्हायचे आणि मोठे झाल्यावर समाजाकडे पाठ फिरवायची नाही, हे त्या कॉलेजचे वळण होते.

1954 साली उत्तम गुणांनी पदवी घेऊन सुलिव्हन बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. दक्षिणेत वाढलेला हा तरुण पहिल्यांदाच गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बरोबर वर्गात बसत होता, आणि त्या वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय होता. 1958 साली ते डॉक्टर झाले. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये इंटर्न म्हणून निवड झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे बोस्टनला परत येऊन त्यांनी रक्ताच्या आजारांचा विशेष अभ्यास केला.

आमच्या वस्त्यांतूनही आज मुले-मुली वैद्यकीय शिक्षणाला जातात. त्यांना कोट्यातले म्हणून टोमणे ऐकावे लागतात. अशा मुलांना घरच्यांनी हे सांगावे, की वर्गात एकटे असणे हा कमीपणा नाही. जो पहिला जातो तो एकटाच असतो.

दारू रक्ताचे काय करते

आता सुलिव्हन यांचे संशोधन पाहू. ते थेट आपल्या घरांशी जोडलेले आहे.

आपल्या अंगातले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. एक तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि मग मोडते. म्हणजे हा कारखाना रोज चालू राहिला पाहिजे. त्याला कच्चा माल लागतो: लोह, फॉलिक ॲसिड, बी-12 आणि प्रथिने. फॉलिक ॲसिड पालेभाज्या आणि डाळींतून मिळते. बी-12 दूध, अंडी, मासे आणि मटणातून मिळते.

जुन्या दारुड्या माणसाचे अंग पांढरे पडते, दम लागतो, हे डॉक्टरांना माहीत होते. तो नीट जेवत नाही म्हणून असे होते, असे समजले जाई. डॉ. सुलिव्हन आणि डॉ. व्हिक्टर हर्बर्ट यांनी 1964 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यापुढची गोष्ट दाखवली. फॉलिक ॲसिडच्या कमतरतेने रक्त कमी झालेल्या, दारूची सवय असलेल्या रुग्णांना त्यांनी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले. त्यांना फॉलिक ॲसिडची छोटी मात्रा दिली. एरवी तेवढ्याने मगज जागा होऊन नव्या पेशी बनवू लागतो. पण सोबत दारू चालू ठेवली तर मगज दबलेलाच राहिला. दारू थांबवताच नव्या पेशी रक्तात दिसू लागल्या.

याचा सरळ अर्थ असा. दारू पिणारा माणूस चांगले जेवला तरी दारू त्याच्या रक्ताच्या कारखान्याला आतून टाळे लावते. पिणाऱ्याला आधी चांगलेचुंगले खाऊ घाला म्हणजे झाले, ही समजूत चुकीची आहे. देशी असो, विदेशी असो वा हातभट्टी, आतला पदार्थ अल्कोहोलच असतो. हातभट्टीत विषारी मिथेनॉल असण्याचा धोका वेगळा. आणि याच शोधाची चांगली बाजू अशी, की दारू सुटली तर मगज पुन्हा कामाला लागतो. उशीर झाला म्हणून सोडण्यात अर्थ नाही, असे नसते.

तथागतांनी पाचव्या शीलात मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगितले. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपल्याला ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. शील आणि शास्त्र इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

एक सूचना मात्र काळजीपूर्वक वाचा. जो माणूस अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याची दारू घरच्यांनी कोंडून ठेवून एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात आणि जीवावर बेतू शकते. त्याला सरकारी रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात न्यावे. औषधांच्या मदतीने दारू सुरक्षितपणे सुटते.

चोवीस विद्यार्थ्यांपासून सुरुवात

चाळिशीत डॉ. सुलिव्हन बोस्टनमध्ये स्थिर होते. प्राध्यापकी, संशोधन, नाव, सगळे होते. त्याच वेळी त्यांच्या जुन्या कॉलेजातून बोलावणे आले. जॉर्जियातील कृष्णवर्णीय डॉक्टरांनी आपल्या राज्यात डॉक्टरांची किती टंचाई आहे हे मांडले होते, आणि मोरहाउसने वैद्यकीय शिक्षण सुरू करावे असे ठरत होते.

त्यामागे मोठा इतिहास आहे. 1910 साली अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करणारा फ्लेक्सनर अहवाल आला. त्यानंतर तिथे असलेल्या सात कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच बंद पडली. हॉवर्ड आणि मेहारी ही दोनच उरली. निकृष्ट महाविद्यालये बंद करावीत हे बोलायला ठीक. पण त्या मुलांना दुसऱ्या महाविद्यालयांची दारे उघडली नाहीत. तयार होऊ शकले असते असे हजारो डॉक्टर तयारच झाले नाहीत, आणि त्याची किंमत ब्लेकलीसारख्या गावांनी मोजली.

1975 साली डॉ. सुलिव्हन बोस्टन सोडून अटलांटाला परतले आणि या नव्या कामाचे पहिले अधिष्ठाता झाले. तेव्हा इमारत नव्हती, रुग्णालय नव्हते, पुरेसा पैसा नव्हता. प्राध्यापक गोळा करणे, सरकारकडे पाठपुरावा करणे, देणगीदारांचे उंबरे झिजवणे हेच काम. 1978 साली 24 विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली. आधी फक्त पहिली दोन वर्षे इथे शिकवली जात आणि पुढचे शिक्षण दुसऱ्या महाविद्यालयांत होई. 1981 साली मोरहाउस स्कूल ऑफ मेडिसिन ही स्वतंत्र संस्था झाली आणि डॉ. सुलिव्हन तिचे अध्यक्ष झाले. 1985 साली तिला स्वतःची एम.डी. पदवी देण्याची पूर्ण मान्यता मिळाली. तिकडे एम.डी. ही आपल्या एम.बी.बी.एस. सारखी डॉक्टरकीची पहिली पदवी असते.

विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी अटलांटातील ग्रेडी हे गोरगरिबांचे सरकारी रुग्णालय मिळाले. 1960च्या दशकापर्यंत याच ग्रेडीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे विभाग अलग होते. आता तिथे मोरहाउसचे तरुण डॉक्टर पांढरा कोट घालून पुढच्या दाराने आत जाऊ लागले.

ही संस्था कशासाठी, हे पहिल्यापासून स्पष्ट होते: जिथे डॉक्टर जात नाहीत तिथे जाणारे डॉक्टर घडवण्यासाठी. सुरुवातीच्या एका तुकडीत रेजिना बेंजामिन ही मुलगी होती. पुढे तिने अलाबामा राज्यात समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावी दवाखाना काढला. वादळाने तो उद्ध्वस्त झाला, नंतर आगीत जळला, तरी तिने तो पुन्हा उभा केला. 2009 साली ती अमेरिकेची सर्जन जनरल झाली. 2010 साली अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणाचे विद्यार्थी प्राथमिक उपचारांचे काम करतात, टंचाईच्या भागात राहतात आणि वंचित समाजातून येतात, हे त्यात तपासले होते. त्यात मोरहाउस पहिले आले. दुसरे मेहारी, तिसरे हॉवर्ड.

बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. एकट्याने शिकून मोठे होता येते, पण पुढच्या शंभर पिढ्यांसाठी संस्था लागते. डॉ. सुलिव्हन यांच्या जीवनाचा गाभा हाच आहे, असे आम्हाला वाटते. ते बोस्टनमध्येच राहिले असते तर एक थोर डॉक्टर म्हणून ओळखले गेले असते. अटलांटाला परतल्यामुळे त्यांच्यामागून डॉक्टरांची रांग उभी राहिली.

काळ्या-सोनेरी पाकिटातली सिगारेट

1989 साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी डॉ. सुलिव्हन यांना आरोग्यमंत्री केले. जानेवारी 1993 पर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्यावर टीकाही झाली. एड्सच्या बाबतीत सरकार हळू चालते म्हणून 1990 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत आंदोलकांनी घोषणा देऊन त्यांचे भाषण बुडवले. सरकारात गेलेल्या माणसाला सरकारची उणीदुणीही अंगावर घ्यावी लागतात.

पण एक प्रसंग वस्त्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. 1990च्या सुरुवातीला आर. जे. रेनॉल्ड्स ही तंबाखू कंपनी अपटाउन नावाची नवी मेंथॉल सिगारेट फिलाडेल्फिया शहरात आणणार होती. पाकीट काळे-सोनेरी. ही सिगारेट मुद्दाम कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी बेतलेली होती आणि कंपनीने ते लपवले नव्हते. शहरातली चर्च, आरोग्य कार्यकर्ते आणि मोहल्ल्यांतले लोक एकत्र आले आणि विरोध सुरू झाला. 18 जानेवारी रोजी डॉ. सुलिव्हन यांनी फिलाडेल्फियातच जाऊन भाषण केले. आधीच आजारांनी पिचलेल्या समाजाला आणखी मरण विकू नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी कंपनीने ती सिगारेट मागे घेतली.

मंत्र्याचे भाषण महत्त्वाचे होतेच. पण त्याआधी लोक उठले होते, हे विसरू नये. लोकांची एकजूट आणि खुर्चीवर बसलेला आपला माणूस, दोन्ही मिळाले तेव्हा इतकी मोठी कंपनी एका दिवसात हटली.

आता आपल्या नाक्यावर पाहा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. 2003च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत, आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत तर ते विकताच येत नाहीत. तरी पुड्या लटकलेल्या दिसतात. कोणत्या वस्तीत त्या जास्त लटकतात, हे तुम्ही आम्हाला सांगावे लागणार नाही.

मंत्रिपद संपल्यावर डॉ. सुलिव्हन पुन्हा मोरहाउसला परतले आणि 2002 पर्यंत अध्यक्ष राहिले. 2004 साली त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयोगाने अहवाल दिला. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी मिळून अमेरिकेच्या लोकसंख्येत जवळपास 25 टक्के होते, पण डॉक्टरांमध्ये 6 टक्क्यांहून कमी. डॉ. ग्रिफिन यांच्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलाने आयुष्यभर हाच एक प्रश्न धरून ठेवला होता.

आपल्या घरासाठी, आपल्या वस्तीसाठी

*रक्त तपासा.* राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. बाईचे हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी, गरोदर बाईचे 11 पेक्षा कमी आणि पुरुषाचे 13 पेक्षा कमी असेल तर त्याला ॲनिमिया म्हणतात. थकवा, चक्कर, दम लागणे, छातीत धडधड, माती किंवा खडू खावासा वाटणे ही लक्षणे आहेत. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. शाळेत मिळणारी निळी गोळी आणि गरोदरपणातली लाल गोळी ही लोह आणि फॉलिक ॲसिडची असते, ती फेकू नका. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नका. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. पाळीत फार रक्त जात असेल, मूळव्याध असेल किंवा पुरुषाचे रक्त कमी निघाले, तर नुसत्या गोळ्यांवर न थांबता कारण शोधायला सांगा.

*सिकलसेल विसरू नका.* हा रक्ताचा आनुवंशिक आजार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये जास्त आहे, तसाच विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. अंगातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. सांधे-हाडे असह्य दुखणे, वारंवार ताप, डोळे पिवळे होणे ही त्याची लक्षणे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात 25 टक्के शक्यता बाळाला आजार होण्याची असते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. सोयरीक ठरवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांची तपासणी करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नका.

*व्यसनमुक्तीसाठी मदत मागा.* तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर फोन करा. ज्याला दारू सोडायची आहे त्याला टोचून बोलू नका. विहारात त्याच्यासाठी जागा ठेवा.

*पुढच्या दाराने जा.* आजार अंगावर काढू नका. सरकारी दवाखाना आपल्या हक्काचा आहे. म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई एकटी जात असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने सोबत जावे, कागद वाचून दाखवावेत आणि डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगावे. वॉल्टर सुलिव्हन स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांनी आपली गाडी दिली आणि शेजारच्या आसनावर मुलाला बसवले, एवढेच. त्यातून एक महाविद्यालय उभे राहिले.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरात शेवटचे हिमोग्लोबिन कोणाचे आणि कधी तपासले? आईचे तपासले का?

2. दवाखान्यात अपमान झाल्यामुळे उपचार सोडल्याचा अनुभव कोणाला आहे का? अशा वेळी वस्तीने काय करावे?

3. आपल्या शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकणारी टपरी आहे का? असल्यास लेखी तक्रार कोण करणार?

4. आपल्या वस्तीत नर्सिंग, फार्मसी, लॅब किंवा डॉक्टरकी शिकणारी मुले किती आहेत? त्यांच्या पुस्तकांसाठी आणि अभ्यासाच्या जागेसाठी विहार काय करू शकतो?

उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी हीच वही पुन्हा उघडा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय.